डब्यावर ‘झिंगा’, आत क्रेफिश: नागपूरच्या बर्डीत मिळणाऱ्या मॉडेलचं परीक्षण

डब्यावर ‘झिंगा: बाह्यरचना’ असं छापलंय. आत निघतो क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखाच दिसणारा, दांडग्या नांग्यांचा परदेशी प्राणी. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘एकच आहे ना सर, हा जरा मोठा.’ एकच नाही. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर हे मॉडेल झिंगा म्हणून ठेवलं तर पोरं तुंडापासून (डोक्यापुढचं टोक) शेपटीपर्यंत चुकीचं लिहून येतील, आणि गुण कापले गेल्यावर आपल्यालाच विचारतील.

ओळखायला दहा सेकंद पुरतात. पायांच्या पाच जोड्या मोजा आणि फक्त टोकं बघा. क्रेफिशच्या पुढच्या तीन जोड्यांच्या टोकाला चिमटा असतो. त्यातली पहिली जोडी म्हणजे त्या दोन दांडग्या नांग्या. गोड्या पाण्यातल्या झिंग्याला चिमटे दोनच जोड्यांना, आणि त्यातही लांब असते ती दुसरी जोडी. म्हणून तिसरा पाय उलटून बघितला की वाद मिटतो. टोकाला बारीक चिमटा असेल तर क्रेफिश, साधी नखी असेल तर झिंगा. समुद्री कोळंबीच्याही तीन जोड्यांना चिमटे असतात, पण ते तिन्ही बारीकच, दांडगी नांगी नसते. तिथे घोळ होत नाही.

दुसरी खूण उदराच्या बगलेला. प्रत्येक खंडाची कड दोन्ही बाजूंनी खाली लोंबते. क्रेफिशमध्ये या कडा छपरावरच्या कौलांसारख्या एकामागे एक बसतात. झिंग्यात मात्र दुसऱ्या खंडाची कड रुंद होते आणि पुढच्या पहिल्यावर व मागच्या तिसऱ्यावर, दोन्हीकडे खोगिरासारखी चढते. या मॉडेलवर कौलं आहेत, खोगीर नाही.

गोंधळ होण्यामागे कारण आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत संधिपादांचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ‘पॅलिमॉन’ शिकवला गेला. त्यातला मॅलकमसोनी हा गोदावरीचा झिंगा, आज त्याला मॅक्रोब्रॅकियम म्हणतात. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि शेवटी गोदावरीतच जातं, तेव्हा तो तसा आपल्याच खोऱ्यातला. क्रेफिशची एकही मूळ जात भारतात नाही. परदेशी पुस्तकांत मात्र त्याच धड्याचा नायक क्रेफिश असतो, आणि मॉडेलवाले त्याच पुस्तकांतल्या आकृत्या समोर ठेवून साचे बनवतात. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली, तेव्हापासून प्रयोगशाळेचा भार मॉडेल आणि चार्टवर आहे. म्हणून साच्यातली चूक आता थेट उत्तरपत्रिकेत उतरते.

तर घ्यावं का? क्रेफिश म्हणून पाचपैकी साडेतीन. झिंगा म्हणून शून्य. दोन्ही शेजारी ठेवून फरक शिकवायचा असेल तर चार, पण त्यासाठी थोडी डागडुजी करावी लागते. ती पुढे ओघात येईलच.

वस्तू अशी आहे. फायबरचं मॉडेल, लाकडी पाटावर, तुंडाच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर. लाल दलदली क्रेफिश, म्हणजे प्रोकॅम्बॅरस क्लार्की, १० ते १२ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे हे जवळपास चौपट. उजवी बाजू पक्की. डाव्या बाजूची सगळी, म्हणजे १९, उपांगं (पाय, शृंगिका, मुखांगं असे जोडीने येणारे अवयव) चुंबकावर बसवलेली, सुटी काढता येणारी. डाव्या बाजूचं कल्ल्यांवरचं झाकण बिजागरीवर उघडतं. सोबत आकडे छापलेलं एक कार्ड. पाटाला मागून दोन खिळे काढले की मॉडेल उलटं करता येतं, आणि ते करायलाच हवं, कारण शिकण्यासारखं सगळं पोटाकडून आहे. किंमत साडेचार हजार सांगतात. दोन नग घेतले तर चार हजारांवर येतात.

उलटं केल्याबरोबर या वस्तूचा स्वभाव कळतो. वरची बाजू कुणीतरी खरा प्राणी समोर ठेवून केली आहे. खालची बाजू ऐकीव माहितीवर.

वरच्या बाजूचा पुरावा कॅरापेसवर, म्हणजे शिरोवक्षावरच्या सलग कवचावर आहे. आडवी वळलेली खाच म्हणजे मानेची खाच: तिच्या पुढचं ते शिर, मागचं ते वक्ष. शिराचे ५ खंड आणि वक्षाचे ८ खंड वरून एकजीव झालेले असतात, तेव्हा सीमा दाखवणारी वरच्या बाजूची खूण ही एकच. ती इथे पुरेशी खोल आहे, बोट फिरवलं की लागते. तिच्या मागे पाठीवर दोन रेषा उभ्या जातात, त्या कल्ल्यांच्या कप्प्यांची हद्द दाखवतात. त्यांच्या मधल्या पट्टीला अ‍ॅरिओला म्हणतात आणि तिच्या रुंदीवरून जाती ओळखतात. क्लार्कीमध्ये या दोन रेषा जवळजवळ चिकटतात, पट्टी उरतच नाही. मॉडेलवर अगदी तसंच आहे. चित्र पाहून साचा करणारा माणूस इतकं बारीक करत नाही.

तुंडही बरोबर: चपटं, पन्हळीसारखं, कडा उचललेल्या. ते डोळ्यांवर छज्जासारखं येतं. झिंग्याचं तुंड उभ्या पात्याचं, वर आणि खाली करवतीसारखे दात असलेलं. बाजारातल्या झिंग्याचं डोकं साफ करताना बोटात घुसतं ते हेच. क्रेफिशच्या तुंडाला असे खालचे दात नसतात.

डोळ्यांपाशी पहिली चूक. डोळे देठावर आहेत, ते ठीक, पण भिंगं षट्कोनी रंगवली आहेत. षट्कोनी भिंगं माशीची, मधमाशीची. क्रेफिशच्या डोळ्यातली भिंगं चौकोनी असतात, आणि ते काही नक्षीकाम नाही. त्याचा डोळा प्रकाश वाकवून नाही तर आरशासारख्या चौकोनी भिंतींवरून परतवून एका जागी गोळा करतो. अंधाऱ्या पाण्यात त्याचा फायदा होतो. हे क्लाउस फोग्ट यांनी १९७५ मध्ये क्रेफिशच्या डोळ्यावरच दाखवलं. झिंग्यातही चौकोनीच. त्याच्या डोळ्याचा वरचा पातळ पापुद्रा काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आलेख-कागदासारख्या चौकटी दिसतात. मॉडेलवरचे षट्कोन काळ्या रंगाने भरून टाका आणि कार्डावर एक ओळ लिहा. डोळ्याचा देठ हलायला हवा होता, तो पक्का आहे. इतक्या किमतीत ते सोडून देऊ.

लघुशृंगिका, म्हणजे अँटेन्यूल, प्रत्येकी दोन छोट्या चाबकांची. बाहेरच्या चाबकावर वास घेणारे सूक्ष्म केस असतात; प्राणी तो चाबूक मधूनमधून झटकतो ते ताजं पाणी केसांत घुसवायला. मॉडेलवर केस नाहीत, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे आणि त्याबद्दल साचेकाराला शाबासकी द्यायला हवी: बुडाच्या पेराच्या वरच्या बाजूला एक छोटं छिद्र कोरलंय. ते तोल सांभाळणाऱ्या पिशवीचं, स्टॅटोसिस्टचं, तोंड. आत वाळूचे कण असतात, खाली टेकलेल्या कणांवरून प्राण्याला ‘खाली’ कुठे ते कळतं. कात टाकताना पिशवीचं अस्तरही जातं, कणही जातात, आणि प्राण्याला नवी वाळू भरून घ्यावी लागते. १८९३ मध्ये व्हिएन्नात आलोइस क्राइडल यांनी नुकती कात टाकलेल्या पॅलिमॉनला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. कीस पिशवीत गेला. मग वर चुंबक धरला तर प्राणी त्याप्रमाणे उलटा होऊ लागला. चुंबकांवर चालणाऱ्या या मॉडेलसोबत वर्गात हीच गोष्ट सांगावी. कार्डावर या छिद्राला आकडाच नाही, म्हणून बहुतेकांना ते बनवताना राहिलेला बुडबुडा वाटतो.

मोठी शृंगिका, अँटेना: लांब चाबूक आणि त्याच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला पसरट खवला. चाबूक स्पर्शाचा, खवला शेपटीच्या झटक्यासरशी मागे पोहताना सुकाणूसारखा पसरतो. बुडाच्या पेरावर खालून एक उंचवटा आणि टोकाला छिद्र, ते उत्सर्जनाचं. हरितग्रंथी डोक्यात असते, त्यामुळे क्रेफिशची लघवी तोंडाजवळून बाहेर पडते. दोन नर भिडले की ते ती समोरच्याच्या दिशेने सोडतात. कोण वरचढ याचा निरोप त्यातून जातो. उंचवटा मॉडेलवर योग्य जागी आहे. चाबूक मात्र मऊ प्लॅस्टिकचा, त्याचं पुढे बोलू.

आता मुखांगं. या मॉडेलची खरी किंमत इथे वसूल होते. तोंडाभोवती सहा जोड्या: एक जंभ, दोन जंभिका, तीन जंभपाद. प्राण्यावर त्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यामुळे चार्टवर काहीच कळत नाही. इथे सुट्या निघतात. काढताना मागून पुढे या. आधी तिसरा जंभपाद: सगळ्यात मोठा, पायासारखा दिसणारा, तोंडावर दारासारखा मिटणारा, आतल्या कडेला दातेरी. घास धरून फाडायचा तो याने. मग दुसरा, मग पहिला. ते क्रमाने चपटे आणि पातळ होत जातात. मग दुसरी जंभिका, पहिली जंभिका, आणि शेवटी जंभ. जंभ चुनखडीने टणक झालेला असतो आणि तो आडवा चावतो, आपल्यासारखा वर-खाली नाही. पुढून मागे काढायला गेलात तर पहिली जंभिका जंभाला अडकते आणि तिची दांडी मोडते. ज्या नगांत हे उपांग गायब असतं त्यांची हीच कहाणी.

काढलेली उपांगं त्याच क्रमाने पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. मग जे दिसतं ते सांगून पटत नाही: सगळी एकाच आराखड्याची. बुडाशी दोन पेरांचा खोड, त्यातून एक आतली फांदी, एक बाहेरची. तिसऱ्या जंभपादात दोन्ही फांद्या स्वच्छ दिसतात, म्हणून सुरुवात तिथून करा. त्यामागच्या पायांत बाहेरची फांदी गळून गेली आहे. आणखी मागे, उदराखालच्या बारक्या पायांत, म्हणजे प्लवपादांत, दोन्ही आहेत, बारक्या. शेपटीच्या पंख्यात त्याच दोन फांद्या पसरट पाती झाल्या आहेत.

दुसऱ्या जंभिकेवर मात्र थांबा. पानासारखं पातळ, बाहेरच्या कडेला लांबट पातं. हे पातं खाण्याच्या कामाचं नाही. ते कल्ल्यांच्या कप्प्याच्या पुढच्या तोंडाशी बसतं आणि सतत वल्ह्यासारखं हलून पाणी पुढे उपसतं. पाणी आत येतं ते पायांच्या बुडाशी, झाकणाच्या मोकळ्या कडेखालून. कल्ल्यांवरून पुढे सरकतं आणि तोंडाजवळून बाहेर पडतं. मासा तोंडाने पाणी घेतो, त्यामुळे पोरं इथेही तेच लिहितात. दिशा नेमकी उलटी आहे. जिवंत प्राण्याच्या पायांच्या बुडाशी रंगाचा थेंब सोडला की तो काही क्षणांत तोंडासमोर दिसतो. मॉडेलमध्ये पात्याचा आकार चांगला आहे, पण कार्डावर नुसतं ‘दुसरी जंभिका’. हे एक उपांग थांबलं तर प्राणी गुदमरतो, याचा पत्ताच नाही.

डाव्या बाजूचं झाकण उघडा. बिजागरी वर आहे, ते योग्य, कारण खरं झाकणही पाठीकडे जोडलेलं आणि खाली मोकळं असतं. आतले कल्ले पिसांसारखे, बऱ्यापैकी. पण ते सगळेच्या सगळे शरीराच्या भिंतीला चिकटवले आहेत. ही या मॉडेलची सगळ्यात खटकणारी चूक. क्रेफिशचे बरेचसे कल्ले पायाच्या बुडाच्या पेराला किंवा तिथल्या सांध्याच्या पडद्याला जोडलेले असतात. दुसऱ्या जंभपादापासून चौथ्या पायापर्यंत कुठलंही उपांग मुळापासून काढलं तर त्याला लटकलेला एक कल्ला सोबत येतो. पाचव्याला तसा कल्ला नसतो. म्हणजे चालताना पाय हलतो तेव्हा कल्लाही हलतो. इथे पाय निघतो एकटा, कोरडा. दुरुस्ती सोपी: लोकरीचा चार सेंटिमीटरचा झुबका दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या चुंबकालगत चिकटवा. ओबडधोबड दिसतं, पण मुद्दा पोहोचतो.

पाय. पहिली जोडी नांगी, चेलिपेड: पकडणं, फाडणं, भांडणं, मादीला धरणं. चिमट्याचं एक बोट स्थिर असतं, ते शेवटून दुसऱ्या पेराचंच लांबलेलं टोक. हलतं ते शेवटचं पेर. मॉडेलमध्ये हलतं बोट खिळीवर फिरतं, आणि योग्य तेच बोट फिरतं. दुसरी-तिसरी जोडी बारीक चिमट्यांची, चालते आणि कण वेचून तोंडाकडे देते. चौथी-पाचवी नखीची, चालायला आणि अंग साफ करायला. पायाची पेरं सात. नांगीत बुडाचं दुसरं आणि तिसरं पेर जुळलेलं असतं, म्हणून तिथे सहाच मोजून येतात. ती चूक समजून पोरांचे गुण कापू नका. मॉडेलचे पाय सांध्यांत वाकत नाहीत, आणि यात एक सुंदर गोष्ट हरवते: प्रत्येक सांधा दाराच्या बिजागरीसारखा एकाच पातळीत वाकतो, पण पुढचा सांधा वेगळ्या पातळीत. अशा साध्या बिजागऱ्या लागोपाठ जोडून पाय सगळीकडे पोहोचतो. बाजारातल्या झिंग्याचा पाय दोन बोटांत धरून एकेक सांधा हलवला की हे हाताला कळतं.

आणखी एक. मॉडेलचा पाय शरीरापाशी सुटतो. खरा क्रेफिश संकटात पाय टाकतो तो तिथून नाही, थोडा पुढून, दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या जोडावरून. तिथे मोडायची रेघ तयारच असते आणि आतला पडदा रक्त थांबवतो. बुडाचा ठोकळा शिल्लक राहतो, त्यातूनच पुढच्या कातींमध्ये नवा पाय वाढतो. काळ्या स्केच पेनाने ती रेघ प्रत्येक पायावर काढून ठेवा.

कार्डातला सगळ्यात मोठा घोटाळा जननछिद्रांचा. कार्ड म्हणतं: मादीचं छिद्र तिसऱ्या पायाच्या बुडाशी, नराचं चौथ्या चालण्याच्या पायाच्या बुडाशी. दोन्ही वाक्यं सुटी घेतली तर बरोबर. एकत्र वाचली तर फसवी, कारण पहिल्यात नांगीला पहिला पाय धरून मोजलंय आणि दुसऱ्यात नांगी वगळून. विद्यार्थ्याला वाटतं दोन्ही छिद्रं शेजारच्या पायांवर. नांगी धरून मोजा: मादीचं तिसऱ्यावर, नराचं पाचव्यावर. मध्ये एक अख्खा पाय. पेनने खोडून दुरुस्त करा आणि वर्गात मोजायची एकच पद्धत ठेवा.

बरं, मॉडेल नर की मादी? पहिल्या दोन प्लवपादांच्या जोड्या टणक, टोकदार, पुढे वळून पायांच्या मध्ये टेकलेल्या: हा नर. वीर्य पोहोचवण्यासाठी त्या तशा झालेल्या असतात. पण चौथ्या आणि पाचव्या पायांच्या मधोमध पोटावर एक गोल खळगा कोरलाय, तो मादीचा, वीर्य साठवण्याचा. एकाच अंगावर दोन्ही. देवळात अर्धनारीनटेश्वर शोभतो, प्रयोगशाळेत नाही. खळगा पुट्टीने बुजवा, वर लाल रंग लावा, नर ठेवा. प्रजननकाळातल्या क्लार्की नराच्या तिसऱ्या-चौथ्या पायावर मादीला धरायचे आकडे असतात, ते इथे नाहीत. पण काळ सरला की तेही लहान होतात, म्हणून माफ.

उदराबद्दल फार लिहायला नको, ते चांगलं आहे. सहा खंड, प्रत्येकाला वरची पाटी, खालची पट्टी, बगलेच्या कडा. प्लवपाद मऊ, मादी अंडी चिकटवते ती यांनाच, आणि ते हलवून त्यांना ताजं पाणी देते. पिल्लंही निघाल्यावर काही काळ तिथेच लटकून राहतात. शेवटी पंखा: मधे टेल्सन म्हणजे शेपटीचं मधलं पातं, दोन्ही बाजूंना युरोपॉडची, म्हणजे उदराच्या शेवटच्या उपांगांची, दोन-दोन पाती. धोका जाणवला की उदर एका फटक्यात खाली मिटतं, पंखा पाणी ढकलतो आणि क्रेफिश मागे उडतो. चालतो पुढे, पळतो मागे. गुदद्वार टेल्सनच्या खालच्या बाजूला, इथे ठिपका रंगवलाय. टेल्सनला उपांग म्हणून मोजू नका. १९ जोड्यांचा हिशेब असा: शिराच्या ५, वक्षाच्या ८, उदराच्या ६.

डाव्या बाजूच्या चुंबकांची तक्रार मोठी आहे. सगळे एकाच मापाचे. त्यामुळे चौथा पाय तिसऱ्याच्या जागी बिनबोभाट बसतो, आणि परीक्षेआधी कुणी घाईत जोडलं असेल तर अख्खी बॅच चुकीचं लिहिते. उपाय: प्रत्येक उपांगाच्या चुंबकाजवळ आणि त्याच्या खाचेत एकाच रंगाचा नेलपॉलिशचा ठिपका. वर्गात आकडे दिसायला नको असतील तर हे ठिपके उपयोगी, उत्तर फुटत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचं गणित वेगळंच. पारा पंचेचाळिशीकडे गेला की बंद खोलीत चुंबकांचा गोंद सैल होतो. आधी निखळते ती नांगी, कारण तीच सगळ्यात जड. जूनमध्ये प्रयोगशाळा उघडण्याआधी नांगीचा आणि तिसऱ्या जंभपादाचा चुंबक दोन घटकांच्या इपॉक्सीने पुन्हा बसवा, २४ तास हात लावू नका. बसवण्याआधी चुंबकाचं तोंड तपासा. उलटा चिकटला तर पाय खाचेतून ढकलला जातो आणि चुंबक परत उकरावा लागतो. अँटेनाचे चाबूक उन्हात लोंबतात, म्हणून सुटीत ते काढून वहीत सरळ ठेवा. मॉडेल कूलरच्या झोतात ठेवू नका: ओलसर हवेने कार्ड फुगतं आणि पाटाचे खिळे गंजतात. कार्ड पहिल्याच दिवशी दुरुस्त करून लॅमिनेट करा. दुरुस्तीआधी लॅमिनेट केलं तर चुकाच जपल्या जातील. स्पिरिटने पुसू नका, लाल रंग सुटतो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

झिंग्याशी तुलना करायची तर भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातून ताजे झिंगे आणा, डोक्यासकट, पाय शाबूत असलेले. पाच जणांमागे दोन पुरतात: एक अख्खा ठेवायला, एक सुटा करायला. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. मांस घट्ट होतं आणि उपांग मुळापासून निघतं. जास्त शिजवलं तर सांधे तुटतात. पाण्यातून काढल्यावर ते लाल का झाले असं कुणी विचारलंच तर सांगा, अ‍ॅस्टॅक्सँथिन हे रंगद्रव्य आधीपासूनच आत होतं, प्रथिनाला बांधलेलं म्हणून निळसर दिसत होतं. उष्णतेने प्रथिन मोडलं आणि लाल उघडं पडलं. मग चिमट्याने, मागून पुढे, त्याच क्रमाने उपांगं काढून मॉडेलच्या उपांगांच्या ओळीखाली दुसरी ओळ मांडा. तिसऱ्या पायापाशी दोन ओळी वेगळ्या होतात, ते सगळ्यांना एकदम दिसतं.

तुलनेसाठी जिवंत क्रेफिश घ्यायचा मोह नको. मत्स्यपालनाच्या दुकानांत कधीकधी तो दिसतो. वर्ष संपल्यावर तो फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावात सोडला जाईल ही खरी भीती. क्लार्की मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेचा आणि मेक्सिकोच्या ईशान्येचा. जिथे जिथे सुटला तिथे बांधांत बिळं करतो आणि पाणवनस्पती फस्त करतो.

दुकानाविषयी थोडं. माणसं बोलायला बरी, बदलून देण्याबाबत ढिली. पावतीवर ‘झिंगा मॉडेल’ लिहितात. ‘क्रेफिश’ लिहून घ्या, नाहीतर साहित्यनोंदीत तो कायमचा झिंगा होतो. डबा दुकानातच उघडा, १९ उपांगं मोजा, पहिली जंभिका शोधा. ती दोन सेंटिमीटरची असते आणि थर्माकोलच्या चुऱ्यात हरवते. सुटी उपांगं मागितली तर आधी ‘मिळत नाहीत’ म्हणतात. जुन्या, फुटलेल्या नगाची मिळतात. डाव्या बाजूचीच घ्या, उजवीचा साचा आरशातला असतो आणि तो कितीही फिरवला तरी बसत नाही.